डालग्याखालची पाटी

चिखली डेपोतली जुनी माणसं अजून सांगतात, इंद्रभान कंडक्टर चेहरा विसरत नसे. चौतीस वर्षं त्यानं एस.टी.त तिकिटं फाडली. कधीकाळी अर्ध्या तिकिटावर गेलेलं पोरगं वीस वर्षांनी बाशिंग बांधून गाडीत चढलं, तरी हा त्याला म्हणायचा, "काय बे, तवा तुह्या बापानं वय चोरलं होतं ना?" अशा माणसानं आयुष्यात एकच चेहरा विसरावा आणि नेमका तोच विसरावा, याला काय म्हणायचं?

तो चेहरा वही नेणाऱ्याचा होता. इंद्रभानचे वडील पुंजाजी जलशात गायचे. गाणी स्वतः रचायचे आणि निळ्या पुठ्ठ्याच्या एका जाड वहीत उतरवून ठेवायचे. पुंजाजी गेले, तेव्हा वही जनकाबाईच्या, म्हणजे इंद्रभानच्या आईच्या ट्रंकेत गेली. पाच वर्षांनी इंद्रभान नोकरीला लागला. नांदुऱ्याकडच्या गाडीत एक गृहस्थ त्याला म्हणाला, "तू पुंजाजीचा पोरगा ना? वही दे, उतरवून घेतो. महिन्याभरात वापस." बापाच्या नावानं कोणीतरी ओळखलं, याचीच त्या चोवीस वर्षांच्या पोराला मोठी फुशारकी वाटली. पुढच्या फेरीला त्यानं ट्रंकेतली वही आईला न विचारता काढली आणि चालत्या गाडीत त्या गृहस्थाच्या हाती दिली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आठ दिवसांत त्याची ड्युटी मेहकरच्या गाडीवर लागली आणि तो माणूस पुन्हा भेटला नाही.

जनकाबाई रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "त्यात माह्यं गाणं होतं." त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं इंद्रभान पुढची चाळीस वर्षं म्हणत राहिला.

ते गाणं पुंजाजींनी बायकोवर रचलं होतं, पण घरात कधी गायलं नाही. गाण्यात सासू होती आणि खरी सासू ओसरीवर बसलेली असायची, मग गाणार कसं? जाफ्राबादकडच्या एका जत्रेत त्यांनी ते गायलं आणि म्हणे खूप गाजलं. बायका जलशाला परगावी जात नसत, त्यामुळे जिच्यावर गाणं, तिलाच ते ऐकायला मिळालं नाही. खळ्यात नवऱ्यानं गुणगुणलेली पहिली ओळ तेवढी तिच्या कानावर पडली होती: उजेड आला गं माये, उजेड आला दारी.

आता जनकाबाई चौऱ्याऐंशी वर्षांची. मोतीबिंदू काढल्यापासून नजर साफ. रोज सकाळी ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं पेपर वाचते, निविदांच्या जाहिरातीसुद्धा सोडत नाही. कान मात्र चालले होते. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसच सुकत आली आहे, यंत्राचा उपयोग नाही, वर्षभर ऐकू येईल असं समजा. त्या दिवशी परतीच्या गाडीत इंद्रभाननं ठरवलं, की वर्षभरात ते गाणं शोधायचं आणि आईचे कान आहेत तोवर तिला ऐकवायचं. आयुष्यात त्याची एवढीच एक थकबाकी राहिली होती.

त्याची मुलगी समता चिखलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं एम.टेक.ला विषय घेतला होता तो असा, की हजारो कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असावेत, त्यांत मालक कोणी नसावा, आणि तरीही कोणाकडे काय लिहिलेलं आहे ते झटकन सापडावं. इंद्रभानला त्यातलं काही कळलं नव्हतं. पोरीला नोकरी लागली, एवढं कळलं होतं. पण हाच विषय बुलढाणा जिल्ह्यात एवढ्या कामाचा ठरेल, असं तिच्या गाइडलाही वाटलं नसेल.

त्याचं कारण वह्या. आपल्या भागात गावोगावच्या विहारांत आणि घरांत अशा गाण्यांच्या वह्या आहेत. पूर्वी शहरातून एक अभ्यासक आले होते. ग्रंथ काढतो म्हणाले, सात गावांच्या सात वह्या पिशवीत घातल्या आणि गेले. ग्रंथही आला नाही, वह्याही आल्या नाहीत. तेव्हापासून गावांनी नियमच केला: वही उंबरठ्याबाहेर जाणार नाही. तिचा फोटोही बाहेर जाणार नाही. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकूनच पिणार.

समतानं त्यांना विरोध केला नाही. ती म्हणाली, "वही घरातच ठेवा. फिरायचा तो प्रश्न फिरन." तेवीस गावांनी हे मान्य केलं. प्रत्येक गावात विहारात किंवा वही असेल त्या घरात एक जुना कॉम्प्युटर, गावातल्याच कोणीतरी वही बघून टाइप करायची, आणि टाइप केलेलंही त्याच डब्यात राहायचं. मधे कुठे मोठं कपाट नाही आणि त्याचा किल्लीवालाही नाही.

इंद्रभानचा यावर विश्वास बसेना. "तेवीस गावाले एकेक करून विचारत बसशीन तं कवा होईन?" तो म्हणाला. "मी गाडीत हरवलेली छत्री शोधाले प्रत्येक स्टँडावर विचारत गेलो असतो, तं ड्युटी कवा केली असती?"

समतानं घरातला त्याचा जुना पंच आणला. कंडक्टर मंडळी तिकिटाला भोक पाडतात तो, लोखंडी, चिमट्यासारखा. हा निवृत्तीच्या वेळी त्यानं हौसेनं घरी आणलेला. मग तिनं पुठ्ठ्याचं एक कार्ड आखलं, शंभर चौकोनांचं, आणि चौकोनांना आकडे घातले.

"बाबा, हे रोहिणखेडचं कार्ड. तिथल्या वहीत 'विहीर' हा शब्द आहे. एका ठरलेल्या हिशोबानं त्या शब्दाचे तीन आकडे निघतात. सात, चाळीस, एक्क्याण्णव. पाडा भोकं."

इंद्रभाननं पंच चालवला. सहा वर्षांनी ते कट्‌कट्‌ ऐकून त्याचा हात आपोआप सैल झाला. समता शब्द सांगत गेली आणि तो भोकं पाडत गेला.

"आता याच्या नकला शेजारच्या गावांकडे ठेवल्या. वही नाही दिली, फक्त भोकं दिली. भोकं पाहून गाणं कोणाले वाचता येते का?"

"नाही."

"आता कोणी विचारलं, 'मोट' आहे का? त्याचे आकडे बारा, चाळीस, साठ. पाहा."

चाळीसला भोक होतं, बाराला होतं, साठचा चौकोन कोरा होता. इंद्रभान कार्ड उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. शब्द असता तर साठला भोक पडलंच असतं. भोक नाही, म्हणजे शब्द नाही. रोहिणखेडला न जाता, वही न उघडता, इथे चिखलीत बसून पक्कं सांगता येत होतं, की तिथे जाऊ नका.

"अन् तिन्ही भोकं असली तं?"

"तं असू शकते. पक्कं नाही. दुसऱ्याच शब्दांनी मिळून ती तीन भोकं पाडली असतीन. मंग त्या एकट्या गावाले विचारायचं."

'नाही' म्हटलं तर देवाशप्पथ नाही, आणि 'हो' म्हटलं तर कदाचित. उभ्या आयुष्यात इंद्रभानला याच्या उलटीच माणसं भेटली होती. त्यानं दिवसभर ते कार्ड खिशात बाळगलं आणि डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर तीन जणांना समजावून सांगितलं. तिघांनाही कळलं नाही, पण इंद्रभानचा आनंद कळला.

आता गाणं शोधायचं. पहिली चूक बापलेकीनं मिळून केली. त्यांनी 'पुंजा' हे नाव विचारलं, कारण शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतोच. तेवीस गावांतून एकाही गाण्याचा पत्ता आला नाही. दुसऱ्याचं गाणं उतरवून घेताना शेवटचं नाव काढायचं आणि आपल्या उस्तादाचं किंवा आपलं घालायचं, ही जलशाची जुनी रीत. चोरी म्हणून नाही. आपल्या तोंडून जे निघतं त्याची जबाबदारी आपली, म्हणून. हे इंद्रभानला चांगलं ठाऊक होतं आणि तरी सुचलं नाही. मग त्यांनी आठवणीतली ओळ विचारली. उजेड, माय, दार. चारशे अकरा गाण्यांचे पत्ते आले. या शब्दांची भोकं सगळ्याच गावांच्या कार्डांवर होती. उजेड नाही असं गाणं आपल्याकडे लिहिलंय कोणी?

"असा शब्द पाहिजे, जो दुसऱ्या कोणाच्या गाण्यात नसन," समता म्हणाली. "आधी त्याच्यानं गाळायचं, मंग बाकीचे शब्द लावायचे."

तो शब्द जनकाबाईनंच दिला. कानाशी तोंड नेऊन इंद्रभाननं विचारलं, "माय, गाण्यात अजून काय होतं?" ती हसली. "जत्रेहून आलेले गडी मले चिडवत, 'जनका, तुह्यं डालगं गाजलं.' पाटी डालग्याखाली ठेवत होती ना मी."

ही गोष्ट घरात सर्वांना माहीत होती. कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालगं, त्याखाली पाटी-पेन्सिल लपवलेली. सुनेनं अक्षर गिरवलेलं सासूला खपत नसे. पुंजाजींनी बायकोला चोरून शिकवलं, असं इंद्रभान लहानपणापासून ऐकत आणि सांगत आला होता. पण ती कोंबड्यांची टोपली गाण्यात असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

समतानं 'डालगं' विचारलं. शब्दाची पुढे येणारी शेपटी कशीही असली, डालग्याखाली की डालग्यात, तरी सापडेल अशी सोय तिनं केलेली होती. बावीस गावांची कार्डं एका क्षणात बाद झाली. रोहिणखेड उरलं. तिथली लाइन दोन दिवसांपासून गेलेली, डबा बंद, पण शेजारच्या गावाकडे कार्डाची नक्कल होती आणि तिन्ही भोकं जागेवर होती.

"लाइन येऊ द्या," समता म्हणाली. इंद्रभान कशाला थांबतो? निवृत्तांच्या पासवर बुलढाणा, मोताळा, तिथून जीप. रोहिणखेडच्या विहारात वह्या टाइप करणारी मयुरी नावाची मुलगी त्याला भेटली. तिनं वही मांडीवर घेतली आणि दोघांनी पानन्‌पान पाहिलं. डालगं कुठेच नव्हतं. 'डोंगर', 'गव्हाण' आणि 'लगाम' अशा भलत्याच शब्दांची भोकं एकत्र येऊन तिथे डालगं झालं होतं.

इंद्रभान परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "कदाचित म्हणे तुमचं यंत्र," तो म्हणाला, "अन् मी येडा पक्कं समजलो."

"प्रश्न उभा करून ठेवू, बाबा."

"म्हणजे?"

"तुम्ही स्टँडावर निरोप ठेवत नव्हते का, अमका उतरला की मले सांगजा म्हणून? तसं. आपला प्रश्न तेवीस गावांत उभा राहीन. कोणी नवीन पान टाइप केलं की ते पान आधी उभ्या प्रश्नांपुढून जाईन. जुळलं तं तुमच्या मोबाइलवर खबर. पुन्हा पुन्हा विचारायचं काम नाही."

"स्टँडावरचा माणूस दोन दिवसांनी विसरते, बेटा."

"हे नाही विसरत."

चौदा महिने गेले. या काळात गावं तेवीसची एकतीस झाली, आणि जे गाव नव्यानं येई, तिथे पहिल्याच दिवशी इंद्रभानचा प्रश्न जाऊन उभा राही. त्यानं कधी न पाहिलेल्या गावांत, कुलूपबंद विहारांत, त्याच्या आईचं डालगं वाट पाहत होतं. हे मनात आलं की त्याला गहिवरून येई. आणि मोबाइल काही वाजत नसे.

डॉक्टरांचं म्हणणं मात्र खरं झालं. पोळ्याच्या सुमारास जनकाबाईनं विचारलं, "औंदा बैलाले घुंगरू नाही बांधले का?" बैल दारातून जात होते आणि घुंगरं चांगली खणखणत होती. इंद्रभान आत जाऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून शाळेच्या पोरांची पाटी आणली. तेव्हापासून घरात तिच्याशी बोलायचं ते पाटीवर लिहून. 'जेवली का', 'गोळी घे', 'समता उशिरा येईल'. ती वाचायची आणि मोठ्यानं उत्तर द्यायची. प्रश्न काढून टाक, असं समताला सांगायचं इंद्रभाननं अनेकदा मनात आणलं, पण त्याच्यानं सांगवलं नाही.

मग एका सकाळी तो ज्वारी घेऊन गिरणीत उभा असताना खिशात मोबाइल थरथरला. पिठानं माखलेल्या बोटांनी त्यानं तो उघडला. खबर दोन ओळींची होती: 'डालगं, उजेड, माय, दार. चारही शब्द. वडनेर भोलजी. गाण्याची वही, पान ३७.' इंद्रभान दळण तिथेच टाकून घराकडे चालू लागला. गिरणीवाला मागून ओरडत होता, तेही त्याला ऐकू आलं नाही.

वडनेरचे शेषराव निवृत्त शिक्षक. वडील तुळशीराम यांची वही त्यांनी तीन वर्षं कोणाला दाखवली नव्हती. शेवटी वही घरातच राहणार याची खात्री पटल्यावर ते गावांच्या या जोडणीत आले आणि एका बोटानं, रोज दोन पानं, टाइप करू लागले. त्या सकाळी त्यांनी डालग्याची ओळ लिहून पान ठेवलं आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत ऐंशी-नव्वद किलोमीटरवर इंद्रभानचा खिसा थरथरला होता.

"जयभीम, भाऊ. ते गाणं माह्या वडलाचं आहे," फोनवर इंद्रभान म्हणाला.

"जयभीम. पण शेवटी नाव तं तुळशीराम आहे."

"ते तसंच असते. तुमचे वडील कधी नांदुऱ्याच्या गाडीत..."

"थांबा," शेषराव म्हणाले. "त्यात जनका कोण आहे?"

"माय आहे माही."

पलीकडे शेषराव हसू लागले. "आमच्या मायनं त्या जनकावरून बुढ्याले मरेपर्यंत टोचलं, भाऊ. आपल्यात कोणी जनका नाही, मंग हे कोण? तो बिचारा शपथा घ्यायचा, गाणं दुसऱ्याचं आहे, एका कंडक्टरकडून वही आणली होती, वापस द्याले किती खेपा स्टँडावर गेलो, तं कंडक्टरच बदलला. मायनं काही खरं नाही मानलं. आम्हीही नाही मानलं."

निळी वही पुढे कुठे गेली, ते शेषरावांनाही माहीत नव्हतं. ती अजून सापडलेली नाही. पण त्यांनी आपला नियम मोडला. त्या एका पानाला त्यांनी बाहेर जायची परवानगी दिली. समतानं ते मोठ्या ठळक अक्षरांत छापून आणलं.

इंद्रभान ते पान हातात घेऊन आईसमोर बसला आणि तिथे त्याचा धीर सुटला. किती मनोरे रचले होते त्यानं! ढोलकीवाला बोलवू, विहारातल्या बायका बोलवू, माय मधे बसेल आणि गाणं ऐकेल. आता ऐकणार कशानं? गाणं आलं आणि कान गेले. "उशीर केला मी, माय," तो म्हणाला. तिला तेही ऐकू आलं नाही. तिनं त्याच्या हातातलं पान ओढून घेतलं, चष्मा चढवला आणि पेपरावर ठेवते तसं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"उजेड आला गं माये, उजेड आला दारी," ती मोठ्यानं वाचू लागली. "पाटी झाकली डालग्याखाली, कोंबडी बसली वरी."

ती थांबली. ओठांचा चंबू करून हसली आणि पुढे सरकली. "सासू विचारी, अंडी किती गं? जनका बोले हळू. बाराखडीची बारा घातली, नको कुणाले कळू."

समता दाराला टेकून उभी होती. तेवीस गावं, एकतीस गावं, भोकांची कार्डं, उभे प्रश्न, हे सगळं तिनंच उभं केलेलं, तिला त्यातला स्क्रू अन्‌ स्क्रू माहीत. तरी अंगावर आलेला काटा तिला लपवता आला नाही. ज्या अक्षरांवर कोंबडी बसली होती, त्याच अक्षरांनी म्हातारी आपलं गाणं आपणच वाचत होती. तिला कान लागलेच नाहीत.

"कोंबडं झाकलं कितीही तरी, तांबडं फुटते दारी. तुळशीराम म्हणे, ही जनका माही, गुरू माह्या घरी."

शेवटच्या ओळीवर बोट फिरून मागे आलं. ती ओळ तिनं पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग पेन मागितला. 'तुळशीराम' या नावावर आडवी रेघ मारली आणि वर, थरथरत पण सुटं सुटं, लिहिलं: पुंजा. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"भर जत्रेत म्हटलं त्यानं हे," ती म्हणाली. "घरी नाही म्हटला कधी."

इंद्रभान त्या एका शब्दाकडे बघत होता. गुरू. पुंजाजींनी बायकोला शिकवलं, ही गोष्ट त्यानं शेकडो वेळा सांगितली होती, पुंजाजींच्या पुण्यतिथीला भाषणातसुद्धा. त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, 'बाबाले तू शिकवलं?'

"मंग कोणं? मी माहेरी दुसरीपर्यंत शाळेत होती. पाटी मीच आणली ट्रंकेत घालून. त्याले तं सही नव्हती येत. कोंबड्याच्या खुराड्यामागं बसून शिकला, त्याची माय पाहीन म्हणून भेत भेत. जनकाचा ज तं चार महिने उलटा काढे."

म्हणजे निळी वही, तिच्यातलं प्रत्येक गाणं, जत्रेत गाजलेलं आणि वडनेरला उतरवलेलं, सगळं या बाईच्या हाताखालून गेलेल्या अक्षरांत होतं. इंद्रभाननं पाटी पुसली. त्यानं लिहिलं, 'सांगितलं काऊन नाही कधी?'

जनकाबाईनं वाचलं आणि मुलाकडे नवलानं पाहिलं.

"तुम्ही कोणी विचारलं का मले?" ती म्हणाली, आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.